हात थांबला, तर घात थांबला
मेडिकलात बसणाऱ्या भाचीला आत्याचे कानमंत्र

पोरी,

शटरची किल्ली तुझ्या हातात दिली तेव्हा तू हसून म्हणालीस, "आत्या, गोपाळपूरच्या कॉलेजात चार वर्षं हेच तर शिकले." शिकलीस खरी, तुझं रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र काउंटरमागच्या भिंतीवर मीच चौकटीत बसवून टांगलंय. पण पुस्तकात एका वेळी एकच पेशंट भेटतो, आणि पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावरच्या आपल्या दुकानात आषाढीला एका वेळी चाळीस हात पुढे येतात. त्या हातांसमोर माझी अडतीस वर्षं गेली. जितक्या चुका करता येतात तितक्या करून झाल्या, आणि त्यांनी शिकवलेलं एवढंच आहे: औषधाच्या दुकानात संकट दार वाजवून येत नाही, छोट्या सवयीची फट सापडली की तिथूनच आत शिरतं. त्या फटी कशा बुजवायच्या ते लिहून ठेवलंय. एका दमात वाचू नकोस. रोज रात्री गल्ला मोजून झाला की दोन-तीन वाच.

शटर उचलल्यावर

१. आधी फ्रिजमधल्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिही, मग विठ्ठलाला उदबत्ती लाव – इन्सुलिन आणि लसी दोन ते आठ अंशांतच टिकतात, आणि रात्री वीज किती तास गेली होती हे फ्रिज काही सांगत नाही.

२. त्या फ्रिजमध्ये दूध, डबा, गजरा काही ठेवू नकोस. मी उन्हाळ्यात ताक ठेवायचे, तेही नको – दार जितक्यांदा उघडेल तितक्यांदा आतली थंडी बाहेर जाते. फ्रिजात दही, तर औषधाची हमी नाही.

३. इन्सुलिन मधल्या फळीवर ठेव, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको – एकदा गोठलं की त्याचा भरवसा संपला, मग वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी ते कुणाला द्यायचं नाही.

४. चैत्री वारीच्या आधीच पत्र्याखालच्या माळ्यावरचा माल खाली उतरव – बहुतेक पाकिटांवर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

५. नवा माल मागे आणि मुदत जवळ आलेला पुढे लाव, महिन्याच्या पहिल्या तारखेला एकेक कपाट तपास – पाकिटावर जो महिना छापलाय त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच ते औषध आपलं, पुढे नाही.

६. मुदत संपलेलं औषध त्याच क्षणी वेगळ्या खोक्यात टाक आणि खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिही – "एजन्सीवाला आला की देऊ" म्हणून कडेला ठेवलेलं पाकीट गर्दीत परत फळीवर चढतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

७. उजनी आणि वीर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की जमिनीलगतच्या दोन फळ्या रिकाम्या कर – चंद्रभागा किती वर येईल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा खोकी उचलणं सोपं. भिजलेलं औषध वाळवून विकायचं नसतं.

चिठ्ठी हातात आली की

८. चिठ्ठी नुसती डोळ्यांनी पाहू नकोस, ओठ हलवत वाच: नाव, वय, तारीख, औषध, किती मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस – डोळा ओळखीचं तेवढंच पाहतो, ओठांना मात्र प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागतं.

९. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना फोन कर, कितीही रागावले तरी – मी एकदा 'मेटोप्रोलोल'चं 'मेटफॉर्मिन' वाचलं आणि हृदयाच्या पेशंटला साखरेची गोळी दिली. त्यांची सून संध्याकाळी पाकीट घेऊन परत आली म्हणून निभावलं. विचारलेलं वाया जात नाही, गिळलेलं परत येत नाही.

१०. सारख्या नावाची औषधं शेजारी ठेवू नकोस: प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलॉल, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन – एबीसीडीच्या क्रमाने लावलेली फळी सुंदर दिसते, पण घाईतला हात शेजारच्या डब्यात जातो. नाव जुळं, तर घर वेगळं.

११. हाच नियम ताकदीलाही लाव, पाच आणि पन्नास मिलिग्रॅमचे डबे दोन वेगळ्या फळ्यांवर ठेव – नाव बरोबर आणि आकडा चुकीचा, ही चूक पटकन कुणाच्या लक्षातही येत नाही.

१२. प्रत्येकाला तीन प्रश्न विचार: कुठल्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती का, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, आणि बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का किंवा बाळ अंगावर पितं का – डॉक्टरांपुढे घाबरून विसरलेलं माणसाला आपल्या काउंटरवर आठवतं.

१३. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहिलेलं दिसलं की पाकिटावर वाराचं नाव लिही, 'फक्त सोमवारी' असं, आणि घरच्या माणसाला दोनदा सांग – ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीव जाऊ शकतो.

१४. चिठ्ठीतलं औषध नसेल तर "हेच समज" म्हणून दुसऱ्या कंपनीचं पुढे सरकवू नकोस, डॉक्टरांना विचारून दे – चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांत परस्पर बदल करायला १९४५ च्या नियमांनी दुकानदाराला मनाई आहे, आणि नवा रंग पाहून म्हातारी माणसं जुनी आणि नवी दोन्ही गोळ्या घेतात.

१५. लाल रेघेचं पाकीट चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, मागणारा आपला चुलता असला तरी – ओळखीने दिलेल्या औषधाचा त्रास झाला, तर औषधाबरोबर ओळखही जाते.

१६. शेड्यूल एच-१ मधलं औषध दिलंस की पैसे घेण्याआधी वहीत नोंद कर: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग – २०१४ पासून हा नियम आहे, ती वही तीन वर्षं जपावी लागते, आणि "नंतर लिहू" म्हटलेलं रात्री आठवत नाही.

१७. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम अशा झोपेच्या गोळ्यांसाठी पोरं कोऱ्या चेहऱ्याने येतील, जुनी चिठ्ठी दाखवतील. नाही म्हण आणि आवाज चढवू नकोस – काही गावांत याच गोळ्यांना 'बटन' म्हणतात, आणि त्यांचं व्यसन लागलेल्या पोराला ओरडा नको, उपचार हवा असतो.

१८. औषध दोनदा ताडून पाहा, एकदा फळीवरून काढताना आणि एकदा हातात देताना. जमलं तर दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाने पाहावं – ज्याने चूक केली त्याच्या डोळ्यांना ती दिसत नाही.

पुडी हातात देताना

१९. पट्टी कापायची असेल तर मुदत आणि बॅच छापलेली बाजू शेवटपर्यंत आपल्याकडे ठेव, आणि पाकिटावर दोन्ही पेनाने लिहून दे – चार गोळ्या सुट्या नेलेल्या माणसाला महिन्याने त्यांचं नावही कळत नाही. कात्री उलटी धरली, तर मुदत हातात उरली.

२०. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढ, जितक्या गोळ्या तितके ठिपके दे – '१-०-१' हे आपल्याला सोपं, त्यांना ते गणित वाटतं.

२१. समजलं का, असं विचारू नकोस. "घरी गेल्यावर ही कशी घ्याल, मला सांगा बरं" असं विचार – पहिल्या प्रश्नाला सगळे मान डोलावतात, दुसऱ्याला खरं उत्तर मिळतं.

२२. तापाला पॅरासिटामॉल दिलंस तर सर्दीची गोळी घरात आहे का ते विचार – तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका.

२३. पावसाळ्यात अंग मोडून ताप आलेल्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन देऊ नकोस. पॅरासिटामॉल दे आणि डॉक्टरांकडे पाठव – डेंग्यू निघाला तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

२४. सर्दीला दोन अँटिबायोटिक गोळ्या मागतील, देऊ नकोस; चिठ्ठीवर पाच दिवसांच्या असतील तर पाचही दिवसांच्या ने म्हणून सांग – साधी सर्दी विषाणूची, तिला त्या लागतच नाहीत. आणि अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू सरावतात.

२५. गजकर्णाला "ती लवकर गुण येणारी ट्यूब" कुणी मागितली तर डॉक्टरांकडे पाठव – तिच्यात स्टेरॉइड असलं की खाज दोन दिवस थांबते, आणि चट्टा महिनाभर पसरत राहतो.

२६. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या पाण्याबरोबर घे आणि चहा अर्ध्या तासाने पी, लोहाची गोळी चहाबरोबर नको, असं प्रत्येक वेळी सांग – आपल्या गावात पहाट चहानेच उजाडते, आणि औषध कपातच अडकतं.

२७. इन्सुलिनच्या कुपीवर '४०' असेल तर सुई लाल टोपणाचीच दे, '१००' असेल तर केशरी टोपणाची – टोपण बदललं की मात्रा अडीच पट इकडे किंवा तिकडे होते.

२८. डोळ्यांचे आणि कानांचे थेंब एकाच पिशवीत घालताना कानाच्या बाटलीवर कान काढ, आणि डोळ्यांच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहायला सांग – बाटल्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, आणि उघडलेले डोळ्यांचे थेंब साधारण महिन्यानंतर टाकून द्यायचे असतात.

२९. दहा रुपयांचं औषध असलं तरी बिल दे, बॅच नंबरासकट – उद्या एखादी बॅच परत मागवली, तर ती कुणाच्या घरात आहे हे त्या कागदावरूनच सापडतं.

लेकरांचं औषध

३०. तान्ह्या बाळाचे ड्रॉप आणि मोठ्या लेकराचं सिरप आईला शेजारी धरून दाखव – पॅरासिटामॉलच्या ड्रॉपमध्ये बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या आख्ख्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. ड्रॉप चमच्याने पाजले तर बाळाला चौपट औषध जातं.

३१. मात्रा ठरवताना वजन विचार, नुसतं वय नको – तीन वर्षांची दोन लेकरं, एक दहा किलोचं आणि एक सोळाचं, दोघांना एकच माप कसं चालेल?

३२. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा पिचकारी दे आणि खूण करून दे – चमचा घरचा, तर माप अंदाजाचं. आणि अंदाजाला मिलिलिटर नसतात.

३३. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालायचं, हलवून पुन्हा खूण पाहायची, हे एकदा करूनच दाखव – अशी बरीच औषधं सात दिवसांत संपवायची किंवा टाकायची असतात, काही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात.

३४. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं औषध मागितलं तर हात जोडून नाही म्हण आणि डॉक्टरांकडे पाठव – २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लेकरं गेली, आणि केंद्राच्या आरोग्य खात्यानेही तेच बजावलं.

३५. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या लेकराला नाही, आणि क्लोरफेनिरामीन-फिनाइलेफ्रिनचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखाली नाही – पहिली मनाई २०११ ची, दुसरी २०२३ ची, आणि शेजारणीने सुचवलं म्हणून दोन्ही अजून मागितली जातात.

३६. गोळीला 'चॉकलेट' म्हणून लेकराला भुलवू नका, असं आयांना सांग – आज जे लेकरू तोंड उघडेल, ते उद्या आजीचा डबाही उघडेल.

वारीच्या गर्दीत

३७. दशमीच्या आधी दुकानात एक जादा फार्मसिस्ट घे आणि प्रत्येकाने एका वेळी एकच गिऱ्हाईक पाहावं असं ठरव – गर्दी चार दिवसांची, चूक जन्माची.

३८. "माउली, ती छोटी गुलाबी, बीपीची" असं म्हणून कुणी हात पुढे केला तर रंगावरून देऊ नकोस. रिकामी पट्टी माग, गावच्या डॉक्टरांना किंवा घरी फोन लावून पाकिटाचा फोटो मागव – गुलाबी गोळ्या शंभर प्रकारच्या असतात. काहीच सापडलं नाही तर वाटेवरच्या आरोग्य केंद्राकडे पाठव.

३९. एकादशीला साखरेची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला विचार, "आज उपवास आहे का?" – ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पोटात अन्न आहे असं धरून साखर उतरवतं. रिकामं पोट, वाखरीपासूनची चाल आणि दर्शनबारीतले कित्येक तास, यात साखर धोक्याच्या खाली जाते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. वारीला निघण्याआधीच डॉक्टरांकडून एकादशीची मात्रा ठरवून घ्यायची असते, हे पुढच्या वर्षासाठी त्यांना सांगून ठेव.

४०. बारीतून आलेला माणूस घामाने भिजला, थरथरला, असंबद्ध बोलू लागला आणि शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच पाज – उपवास मोडेल म्हणून नको म्हणतील, त्यांना सांग की पांडुरंगाला उपवासापेक्षा त्यांचा जीव हवा आहे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नकोस आणि १०८ लाव.

४१. जुलाबाला आधी ओआरएस दे, जुलाब थांबवणारी गोळी नंतरचा विचार. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी, छोट्या पाकिटाला २०० मिलिलिटर – पाणी कमी घातलं तर खारटपणा वाढून उलट त्रास होतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले.

४२. खोक्यातलं गोड पेय ओआरएस म्हणून विकू नकोस – त्यात साखर फार आणि क्षार थोडे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, ती लेकरांच्या जिवासाठीच.

४३. पायाच्या फोडाला मलम मागणाऱ्याला स्टूल दे आणि आधी पाय पाहा, मग साखर आहे का ते विचार – साखरेच्या माणसाला जखम झालेली पुष्कळदा कळत नाही. त्याला भोवरीची औषधी पट्टी किंवा ब्लेड देणं म्हणजे बोट गमवायची वाट दाखवणं.

४४. गुडघे धरून आलेल्या आजोबांना रिकाम्या पोटी वेदनाशामक देऊ नकोस. बीपी, मूत्रपिंड, पोटातला व्रण यांची चौकशी कर – उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडावर उठतात. पॅरासिटामॉल, पाणी आणि सावलीत तासभर विसावा, हे बहुतेकांना पुरतं.

४५. "गॅस झालाय, छाती भरून आलीय, हात दुखतोय" असं ऐकलंस की गॅसची गोळी काढू नकोस, माणसाला बसव आणि १०८ लाव किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोहोचव – त्या गोळीने गेलेला अर्धा तास परत येत नाही. दहा वेळा खरंच गॅस निघाला तरी अकराव्या वेळीही हेच कर.

४६. डोळ्यात बुक्का गेला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायला लाव, लाली घालवणारे स्टेरॉइडचे थेंब देऊ नकोस – कण आत असताना डोळा नुसता गप्प करणं म्हणजे जखम झाकून ठेवणं.

४७. माळकऱ्याने "कॅप्सूलमध्ये काही वावगं नाही ना?" असं विचारलं तर खरं सांग – बहुतेक कॅप्सूलचं टरफल प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचं असतं. फोडून पावडर घ्या असं मात्र परस्पर सुचवू नकोस. गोळी किंवा पातळ औषध मिळेल का ते डॉक्टरांना विचार. ज्याने तुळशीची माळ घातली त्याचा विश्वास फसवून दिलेलं औषध आपण दिलं नाही असंच धर.

४८. विजापूर-बेळगावकडून येणाऱ्यांसाठी चार कानडी शब्द पाठ कर: बेळिग्गे म्हणजे सकाळी, मध्यान्ह म्हणजे दुपारी, रात्री म्हणजे रात्रीच, आणि ऊट म्हणजे जेवण – आपल्या भाषेत सांगितलेली मात्रा माणूस विसरत नाही.

४९. ६५ एकराच्या वारकरी तळावर तंबूत उतरलेल्याला इन्सुलिन मडक्यात ठेवायला शिकव: कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छोट्या डब्यात, डबा ओल्या मडक्यात – बर्फाला थेट लावलेलं गोठतं, उन्हात पिशवीत राहिलेलं बिघडतं.

माणसं, कायदा आणि मन

५०. तू दुकानात नसशील तर चिठ्ठीचं औषध कुणी देऊ नये, आणि तुझं प्रमाणपत्र कुणी भाड्याने मागितलं तर दारातूनच परत पाठव – चिठ्ठीचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं, असं फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ सांगतं. भिंतीवरची चौकट औषध वाचत नाही, माणूस वाचतो.

५१. पाळीचं, गुप्तरोगाचं, एचआयव्हीचं, मनाच्या आजाराचं औषध कधीही मोठ्याने नाव घेऊन मागे मागू नकोस. काउंटरच्या कडेला बोलाव – गावात एकदा बोललेलं महाद्वारापर्यंत जायला वेळ लागत नाही. लाजेने परत गेलेला माणूस औषधाविना राहतो.

५२. काउंटरवर इंजेक्शन टोचू नकोस, कितीही आग्रह झाला तरी – ॲलर्जी उठली तर श्वास बंद व्हायला मिनिटं लागतात, आणि त्याची तयारी दवाखान्यात असते.

५३. बीपी मोजून द्यायचं असेल तर माणसाला आधी पाच मिनिटं बसव, चहा आणि तंबाखू घेऊन अर्धा तास झालाय का ते विचार, आणि आकडा तारखेसकट लिहून दे – जिना चढून आलेल्याचं बीपी पाहून त्याला घाबरवणं ही सेवा नव्हे.

५४. ज्याला औषध परवडत नाही त्याला जनऔषधी केंद्राचा रस्ता आपणहून दाखव, आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायला सांग – एक गिऱ्हाईक कमी होईल, पण त्याची महिन्याची गोळी चुकणार नाही.

५५. जनावरांची औषधं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात ठेव – कार्तिकीला वाखरीच्या बाजारात बैल घेऊन आलेला शेतकरी घाईत असतो, आणि बैलाची मात्रा माणसाच्या पिशवीत जायला नको.

५६. माल फक्त बिलावर आणि ओळखीच्या एजन्सीकडूनच घे, कितीही स्वस्त मिळाला तरी – १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाला चौकशी करावी लागली. औषध कुठून आलं हे विचारण्यात कुणी तरी कुचराई केली की शेवट पेशंटपाशी होतो.

५७. औषधाने कुणाला पुरळ, चक्कर, सूज आली तर नुसतं बंद करा म्हणून थांबू नकोस, १८००-१८०-३०२४ या औषध-दक्षता क्रमांकावर कळव – तुझ्या एका नोंदीमुळे दूरच्या गावातलं लेकरू वाचू शकतं.

५८. घरातली जुनी औषधं निर्माल्याबरोबर चंद्रभागेत सोडू नका, असं लिहून दारावर लाव, आणि लोकांनी आणून दिली तर पट्ट्या कापून, लेबलं फाडून ती टाकाऊ मालाच्या खोक्यात घाल – नदीत सोडलेलं औषध पुण्य होत नाही, कुणाच्या तरी पाण्यात उतरतं.

५९. आणि कधी चूक झालीच, तर ती रात्रीपर्यंत लपवू नकोस: नंबर शोध, फोन कर, फोन लागला नाही तर रिक्षा करून त्याच्या दारी जा, डॉक्टरांना सांग – लोक रागावतील, आणि मग तुझ्याच दुकानात येतील. मेटफॉर्मिनवाले ते आजोबा पुढे सतरा वर्षं आपल्याकडूनच औषध न्यायचे.

पोरी, हे सगळं एका दिवशी जमणार नाही, आणि मी तशी अपेक्षाही ठेवत नाही. एकच सवय आधी लाव: पुडी हातात देण्याआधी एक श्वासभर थांब आणि पाकिटावरचं नाव ओठ हलवत वाच. बाकीच्या अठ्ठावन्न सवयी तिच्या मागून दिंडीसारख्या येतील. उद्या सकाळी शटर उचललंस की आधी फ्रिजचा आकडा लिही.